पाणी ओढणारं मशीन आणि पलंगातलं मीठ

पनवेलजवळच्या आमच्या करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये माझ्या नवऱ्याला श्वास पुरेनासा झाला, त्याला कारण मी. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला बिचारी समजून वाचायला नको. मी चौथी शिकले. लिहिता येतं, वाचता येतं आणि खोटंही बोलता येतं. त्या पावसाळ्यात मी ते भरपूर बोलले.

आमचं गाव उरणच्या बाजूला. सासऱ्यांचं मिठागर होतं, नवऱ्याने त्यात चाळीस वर्षं काढली. मग जमीन सरकारने घेतली, बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर बिल्डरने इमारत बांधली आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. आमच्याकडे हे घरोघरी झालं आहे. मुलगा बोटीवर असतो, सहा-सात महिन्यांनी घरी येतो. घरात आम्ही दोघं आणि सून. सून ऑफिसात जाते, सकाळी आठला निघते ती संध्याकाळी सातला परत.

गाव सोडताना नवरा म्हणाला होता, "उरलंसुरलं मीठ मोरा बंदरावरच्या मच्छीवाल्यांना देऊन टाक. फ्लॅटमधी मीठ नाय न्यायचं."

सुनेनेही बजावलं होतं, "आई, मीठ नको हं. सगळं गंजतं त्याने, भिंती खराब होतात."

दोघांनाही मी हो म्हटलं. बाकीचं मीठ दिलं आणि दोन गोण्या ठेवल्या.

कोणाला वाटेल, मिठागराची आठवण म्हणून ठेवल्या. तसलं काही नाही. मिठागरात मी पायाला भेगा पडेपर्यंत राबले, त्याची आठवण कशाला जपू? मला मासे खारवायला आणि आंबा मुरवायला आमचंच मीठ लागतं. पुडीतलं मीठ माशाला धरत नाही, नुसतं विरघळून खाली येतं. एवढंच कारण. दोन माणसांना फसवायला ते फार लहान कारण आहे, हे मला आता कळतं.

आमचा पलंग गावच्या सुताराने केलेला, पेटीचा. वरच्या फळ्या उचलल्या की आत गोधड्या, जुनी भांडी, काय काय मावतं. सून ऑफिसात आणि नवरा नाक्यावर गेलेला असताना टेम्पोवाल्याकडून मी दोन्ही गोण्या त्या पेटीत ठेवून घेतल्या, भिंतीच्या बाजूला. वर गोधड्या टाकल्या. गोधड्यांवर फळ्या, फळ्यांवर गादी आणि गादीवर माझा नवरा.

पावसात मीठ पाणी पितं, हे आमच्याकडच्या लहान पोरालाही माहीत असतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण गावच्या घरात मिठाची गोणी चुलीवरच्या माळ्यावर असायची. धुराने पोतं काळं व्हायचं, आत मीठ कोरडं ठणठणीत. आयुष्यभर मी ते तसंच पाहिलं आणि आमचं मीठ चांगलं म्हणून कोरडं राहतं असं धरून चालले. ते काम खालची चूल करत होती, हे डोक्यातच आलं नाही. फ्लॅटमध्ये चूल कुठली?

पहिला पावसाळा कसाबसा निघाला. दुसऱ्या पावसाळ्यात पलंगामागची भिंत गुडघ्यापर्यंत ओली झाली. रंगाला फोड आले, ते फुटून पांढरी भुकटी पडायला लागली, कोपऱ्यात काळी बुरशी चढली. नवऱ्याला दमा जुनाच, पण तो थंडीत उठायचा. आता तो भर पावसाळ्यात उठला. बाथरूमपर्यंत जाऊन आला तरी पलंगावर बसून दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून श्वास घ्यायचा. बोलायला लागला की तिसऱ्या शब्दाला दम संपायचा.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला. "घरात ओल आहे का?"

सून म्हणाली, "आहे, भिंतीला. बाबा झोपतात तिथेच."

"मग औषधं मी कितीही दिली तरी उपयोग नाही. ती खोली कोरडी झाली पाहिजे. नाहीतर यांना ॲडमिट करायची वेळ येईल."

घरी आल्यावर सून पलंग ओढायला लागली. पलंग जागचा हलेना.

"आई, एवढा जड कसा हा?"

"ऐनाचं लाकूड आहे," मी म्हटलं.

तिला लाकडातलं कळत नाही. तिने पलंग सोडला आणि प्लंबरला फोन लावला.

प्लंबर आला. भिंतीवर हात फिरवला, वर पाहिलं आणि म्हणाला, "वरचं बाथरूम लीक आहे. लादी उखडून वॉटरप्रूफिंग करावं लागेल." तो मिनिटभरही थांबला नाही. पाणी खालून वर चढत होतं, छताजवळ भिंत कोरडी होती, हे त्याने पाहिलं नाही. मी पाहिलं होतं. पण तेव्हा मला मिठाचा संशय आला नव्हता, हे खरं लिहिते. प्लंबर शिकलेला माणूस, त्याला कळत असेल असं वाटलं.

वर एक बाई एकट्या राहतात. माझ्याच वयाच्या, सरकारी नोकरीतून रिटायर झालेल्या. आपल्या कोकणातल्याच, ज्यू. मुलं सगळी इस्रायलला गेली, ह्या गेल्या नाहीत. मी एकदा विचारलं होतं, का नाही गेलात? तर म्हणाल्या, "तिथे मराठीत भांडायला कोण मिळणार?" त्यांच्यात मटण शिजवण्याआधी जाडं मीठ चोळून ठेवतात, रक्त निघून जावं म्हणून. बारीक मीठ चालत नाही. पावसाळा लागायच्या आधीपर्यंत मी त्यांना वाटीभर मीठ नेऊन द्यायची. "सुनेला बोलू नका, थोडंच ठेवलंय," असं सांगायची. त्या हसायच्या. "आता ह्या वयात सुनेला भिता होय ताई?" मी कोणाला भीत नाही असं सगळ्यांना वाटतं, म्हणून त्यांना त्याची गंमत वाटायची.

सोसायटीचे सेक्रेटरी आणि माझी सून वर जाऊन त्यांच्याशी बोलले. बाईंनी वाद घातला नाही. म्हणाल्या, "माझ्या पाण्याने त्यांची छाती भरत असेल तर तोडा बाथरूम. फक्त शनिवारी नको, त्या दिवशी आमच्यात कसलंच काम करत नाहीत."

दरम्यान सुनेने मशीन घ्यायचं ठरवलं. हवेतलं पाणी ओढून घेणारं. डीह्युमिडिफायर म्हणतात त्याला, मला तो शब्द अजून नीट म्हणता येत नाही. मोबाइलवर तिने सगळं वाचून ठेवलं होतं: खोली केवढी, दिवसाला किती लिटर ओढणार, आवाज किती. मी तिला सांगितलं, "बाकी तुला काय हवं ते बघ. आवाज मला अजिबात नको."

"आई, थोडा तर असणारच."

"मग नकोच ते मशीन."

तिला वाटलं म्हातारी नखरे करते. मी त्या खोलीत खाली चटईवर झोपते. नवऱ्याची छाती बिघडायला लागली की आधी बारीक शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो. त्यालाही कळण्याआधी तो मला कळतो. मी उठून दम्याचा पंप हातात देते. मशीन घरघरत राहिलं तर मला ते ऐकू कसं येणार? पण हे मी सुनेला सांगितलं नाही.

पनवेलच्या बाजारातल्या दुकानात त्या माणसाने आधी एक छोटं मशीन दाखवलं, तांब्याएवढं.

"आज्जी, कान लावून बघा."

लावला. "बंद आहे रे हे."

"चालू आहे आज्जी! हेच तर."

मी तेच घ्यायला लावलं. घरी आणून लावलं, तर दिवसभरात त्याच्या बाटलीत अर्धा कप पाणी. नवऱ्याने बाटली उजेडात धरून पाहिली. "एवढं पाणी तर... खोकताना माज्या डोळ्यातून येतंय. मलाच लावा... प्लगाला."

तिसऱ्या दिवशी आम्ही ते परत घेऊन गेलो. दुकानदार समजुतीने बोलला. "तो छोटा पीस कपाटात ठेवायला असतो. खोली सुकवायची तर आत कॉम्प्रेसर लागतो, फ्रिजसारखा. फ्रिज चालतो ना तुम्हाला घरात?"

"फ्रिज स्वयंपाकघरात असतो," मी म्हटलं.

त्याने तीन मशीनं मांडली आणि सुरू केली. एक गिरणीसारखं थरथरत होतं. दुसऱ्याचा पंखाच मोठा. तिसरं एका सुरात गुणगुणत होतं, मधेच हिसका नाही, खडखड नाही. मी दुकानदाराला म्हटलं, "तू त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहा आणि जोरात श्वास घे."

"मी?"

"तूच. सर्दी झाल्यासारखा घे."

चाळिशीचा पोट सुटलेला माणूस, दुकानात दुसरी गिऱ्हाइकं. तरी तो मशीनमागे उभा राहून नाकातून श्वास ओढायला लागला. एक बाई तोंडाला पदर लावून हसत होती. सून म्हणाली, "आई, पुरे ना." तिसऱ्या मशीनवरून मला त्याचा श्वास ऐकू आला. हेच दे, म्हटलं. तेव्हा सुनेला कळलं मी काय ऐकत होते. परत येताना रिक्षात तिने माझा हात धरला. तो हात सोडवून घ्यावा असं मला त्या दिवशी वाटलं नाही, पुढे पुष्कळदा वाटलं.

मशीन कसं वापरायचं ते तिने मला शिकवलं. भिंतीपासून वीतभर लांब ठेवायचं. खाली जाड रबराची चटई, म्हणजे लादीतून गुणगुण जात नाही. पंखा कमीवर. टाकी भरली की ओतायची, आठवड्याने मागची जाळी धुवायची. आणि दारं-खिडक्या बंद, नाहीतर आपण सगळ्या पनवेलची हवा सुकवत बसू. नवरा खिडकी बंद करण्यावरून भांडला. "दमेकऱ्याला कोंडतंय कोण?" मग असं ठरलं की दिवसा तो हॉलमध्ये बसेल आणि खोली बंद करून मशीन चालवायचं, झोपताना बंद करायचं. रात्री श्वास ऐकू यावा म्हणून निवडलेलं मशीन आता रात्री चालणारच नव्हतं.

मशीनवर आकडा दिसतो. पहिल्या दिवशी ब्याऐंशी होता. सून म्हणाली, पंचावन्नपर्यंत उतरला पाहिजे. मशीन जीव तोडून काम करत होतं. दिवसात दोनदा टाकी भरायची, संध्याकाळी आकडा साठावर यायचा. सकाळी बघावं तर पुन्हा पंचाहत्तर. चार दिवस हेच. खिडक्या बंद, बाहेरची हवा आत नाही, मग पाणी येतं कुठून?

पाचव्या दिवशी सकाळी सून गेल्यावर मी टाकी काढली आणि त्यातलं पाणी बोटाने जिभेवर ठेवलं. मिठागरातली सवय. कोणत्या पाण्याचं मीठ कधी होईल ते आमच्यात जिभेवरच ठरतं. टाकीतलं पाणी गोडं होतं. मग मी वाकून पलंगामागच्या भिंतीला बोट लावलं आणि तेही जिभेवर ठेवलं.

खारट. नुसतं खारट नाही, मागून कडवट. पहिल्या पाण्याचं मीठ नीट न निथळता भरलं की ती चव येते. त्या दोन गोण्या मीच घाईत भरल्या होत्या.

बाथरूमचं पाणी खारट नसतं. मी गादी एका बाजूला लोटली, फळी उचलली, गोधड्या काढल्या. खालची गोधडी चिंब होती. गोणीखाली लाकूड काळं पडलं होतं आणि मिठाचं पाणी पेटीच्या फटीतून लादीवर, लादीवरून भिंतीत जात होतं. रोज मशीन हवा कोरडी करायचं आणि मीठ आपण प्यायलेलं पाणी हवेत सोडायचं. मशीन बंद केलं की मीठ पुन्हा प्यायचं. आणि ह्या सगळ्याच्या वर मी नवऱ्याला झोपवत होते आणि त्याचा श्वास ऐकायला मला मशीन शांत हवं होतं.

मी फळी परत लावत होते तेव्हा जिन्यातून माणसं वर गेली. घण आणि छिन्न्या घेऊन. आज बाईंचं बाथरूम तोडायला सुरुवात होती.

एक मजला. मी चढून जाऊ शकत होते. दारातून ओरडले असते तरी चाललं असतं. मी पलंगावर बसून राहिले. पहिला घाव पडला. मग मनात म्हटलं, आता लादी फुटलीच आहे. दुसरा पडला. माणूस स्वतःला किती चटकन समजावतो ते मी त्या दिवशी पाहिलं. दुपारपर्यंत मी ठरवूनही टाकलं होतं की मीठ गुपचूप काढून टाकायचं, भिंत सुकेल, म्हातारा बरा होईल, बाईंना नवीन बाथरूम मिळेल. कोणाचं काय बिघडलं?

बाईंच्या बाथरूमची लादी उखडल्यावर त्यांना आंघोळीला जागा नव्हती. सुनेने आमच्याकडे यायला सांगितलं. रोज सकाळी नऊला त्या कपड्यांची पिशवी घेऊन, कठड्याला धरत एक-एक पायरी उतरून यायच्या. गुडघे दोन्ही गेलेले. आंघोळ झाली की चहा. चहा पिताना त्या माझ्या नवऱ्याला विचारायच्या, "काय, आज शिट्टी किती वाजली?" आणि मला म्हणायच्या, "ताई, मनाला फार लागतं हो. वर मी आरामात पाणी ओतत होते आणि खाली ह्यांचे हाल."

मी म्हणायची, "तुम्हाला काय माहीत." हे शब्द माझ्या तोंडून निघायचे. मी चहात साखर घालून द्यायची आणि त्या बसल्या असताना कधी उठतात याची वाट बघायची. त्या जायच्या तेव्हा सून आधीच बाहेर असायची, नवरा हॉलमध्ये पेपर घेऊन. मी "मशीन बघते" म्हणून खोलीत जायची, दार लावायची आणि करवंटीने मीठ बादलीत भरायची. ते दगडासारखं बसलं होतं. खरवडून काढावं लागायचं. बादलीत पाणी घालायची आणि संडासात ओतायची. दिवसाला दोन बादल्या, त्याहून जास्त पाठ देत नव्हती.

"काय खरवडतस गं तिथं?" नवरा बाहेरून विचारायचा.

"जाळी साफ करते मशीनची."

"रोज?"

"रोज करायची असते. तुमी पेपर वाचा."

आठवडाभर तो पेपर वाचत राहिला. मला वाटलं निभावलं. मी एक विसरले. ते मशीन मी स्वतः निवडलं होतं, त्याच्या पलीकडून माणसाचा श्वास ऐकू यावा म्हणून. गिरणीसारखं थरथरणारं घेतलं असतं तर माझं खरवडणं त्यात बुडून गेलं असतं. आणि माझ्या नवऱ्याने चाळीस वर्षं मीठ ओढलेलं. मीठ खरवडल्याचा आवाज त्याला कोणी शिकवायला नको.

दार उघडलं तेव्हा माझ्या हातात करवंटी होती. गादी उभी करून भिंतीला टेकवलेली. तो चौकटीला धरून उभा होता. हॉलमधून खोलीपर्यंत चालत आल्यानेच त्याला दम लागला होता. त्याने पेटीत पाहिलं.

"किती... होतं?"

"दोन गोण्या."

"देऊन टाक म्हटलं होतं ना मी."

"नाय दिलं."

तो श्वास घेत होता. मला वाटलं आता म्हणेल, मला मारायला निघाली होतीस काय. ते बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "वरच्या बाईंना सांगितलंस?"

"नाय."

"ती बाई रोज... उतरून येते. गुडघे धरून. तिला सांगितलं नाय तू."

"भिंत सुकली की सांगेन."

"नाय सांगणार. वळखतो मी तुला." मी पंप पुढे केला तो त्याने घेतला, दोनदा ओढला, परत माझ्या हातात दिला. "तू तिला सांगशील तवा मी ह्या खोलीत झोपेन."

आणि तो हॉलमध्ये खुर्चीत जाऊन बसला. हॉलमध्ये मशीन नाही, खिडकी पावसाच्या बाजूची. सुनेने विचारलं तर म्हणाला, "खोलीत जीव घुसमटतो." माझं नाव सांगितलं नाही. तिने मशीन हॉलमध्ये ओढलं, त्याने ते बंद केलं. तिने समजावलं, रडलीसुद्धा. मी तिथेच भाजी निवडत होते. दोन दिवस तो खुर्चीत बसून खोकला. दुसऱ्या दिवशी त्याच्या ओठांचा रंग मला आवडला नाही. डॉक्टर ॲडमिट करायची वेळ येईल म्हणाले होते, ती आली होती, आणि ती टाळायची तर मला फक्त एक मजला चढायचा होता.

सकाळी उजाडला तो शनिवार होता. वर काम बंद. मी चढले.

बाईंनी दार उघडलं. "या ताई. आज गॅस पेटवत नाही मी, चहा मिळायचा नाही."

"चहाला नाही आले."

बाथरूम उघडंच होतं. लादी नाही, नळ नाही, नुसता सिमेंटचा थर, तोही पोखरलेला. सगळं कोरडं खडखडीत. त्यांनी माझी नजर पाहिली. "प्लंबर म्हणतो, लीक सापडत नाही. आता बाहेरची भिंत तोडू म्हणतो."

मी उभ्यानेच सांगितलं. मीठ कुठे होतं, किती होतं, भिंत कशी ओली झाली. सांगायला फार वेळ लागला नाही. खरं बोलायला फार शब्द लागत नाहीत. लबाडीला मला पुष्कळ लागले होते.

त्या खुर्चीत बसल्या. "थोडंच ठेवलंय म्हणाला होतात."

"खोटं बोलले."

"मला वाटीभर द्यायचात ते त्यातलंच?"

"त्यातलंच."

मग त्यांनी जे विचारलं त्याची मला भीती होती. "तुम्हाला कधी कळलं? तोडायच्या आधी की नंतर?"

नंतर, असं म्हणता आलं असतं. कोणी शोधायला आलं नसतं. मी म्हटलं, "आधी. त्याच सकाळी. माणसं जिना चढत होती तेव्हा."

"आणि तुम्ही खाली बसून ऐकत होतात."

"हो."

त्यांनी मान हलवली, जशी आपण भाजीवाल्याला नको म्हणून हलवतो तशी. "उद्यापासून मी आंघोळीला येणार नाही. खाली दुसऱ्या मजल्यावर जाईन." त्यांना आता आणखी एक जिना उतरावा लागणार होता. मी तसं बोलणार होते, पण तो जिना त्यांच्यावर कोणी आणला ते आठवलं आणि दाराकडे वळले. मागून त्यांनी विचारलं, "त्यांचा श्वास कसा आहे?"

"वाईट आहे. मी तुम्हाला सांगेपर्यंत खोलीत झोपणार नाही म्हणतात."

"मग जा लवकर. त्यांना सांगा की सांगितलंत."

मी खाली येऊन नवऱ्याला सांगितलं. "सांगून आले."

"काय म्हणाली?"

"दुसऱ्या मजल्यावर आंघोळीला जाणार."

"बरोबर हाय," तो म्हणाला आणि उठला. त्याला दोनदा थांबावं लागलं, पण खोलीपर्यंत आला. उरलेलं मीठ मी त्याच दिवशी काढलं, दार उघडं ठेवून. संध्याकाळी सुनेला सांगितलं. तिने पेटी पाहिली, भिंत पाहिली, मला पाहिलं. ओरडली नाही. "ऐनाचं लाकूड," एवढंच म्हणाली आणि मुलाला मेसेज लिहायला बसली. ती त्यानंतर महिनाभर माझ्याशी स्वयंपाकापुरतं बोलली. मला शिव्या चालल्या असत्या.

मीठ गेलं तरी भिंतीत मुरलेलं मीठ जात नाही. कमरेपर्यंत प्लास्टर फोडून काढावं लागलं. आमच्या घरात घण पडत होते तेव्हा मी मुद्दाम खोलीच्या दाराशी स्टूल टाकून बसले. पलंग मोडीत काढला. नवीन प्लास्टर सुकवायला मशीन पंधरा दिवस चाललं आणि एके दिवशी आकडा पंचावन्नवर येऊन सकाळपर्यंत तिथेच राहिला. मी चष्मा लावून दोनदा पाहिला.

नवऱ्याची छाती हळूहळू मोकळी झाली. पुढच्या वेळी डॉक्टर खूश. "काय केलंत?" सून म्हणाली, "मशीन घेतलं." मी म्हटलं, "पलंगात मीठ होतं. मी ठेवलेलं. ते काढलं."

डॉक्टर हसले. "नजर लागू नये म्हणून का आजी?"

"माशाला," मी म्हटलं. त्यांना काही कळलं नाही. नवरा खिडकीबाहेर बघत राहिला.

बाईंचं बाथरूम पुरं झालं. जिन्यात भेटल्या तर त्या नवऱ्याची चौकशी करतात, मी उत्तर देते, त्या पुढे जातात. वर या म्हणत नाहीत. त्यांचं काही चुकत नाही.

पावसाळा सरताना त्यांचं नवीन वर्ष येतं. तेव्हा त्या गव्हाच्या चिकाचा हलवा करतात, नारळाच्या दुधातला, आणि दरवर्षी आमच्या घरी ताट यायचं. ह्या वर्षी सून ऑफिसातून आली तेव्हा तिच्या हातात छोटा डबा होता. वरच्या बाईंनी जिन्यात दिला म्हणाली. "बाबांसाठी आहे, असं सांगितलंय."

नवऱ्याने खोलीत बसून डबा उघडला. एक वडी खाल्ली, न थांबता, मधे श्वास न घेता. मग डबा माझ्यापुढे केला.

"तुमच्यासाठी आहे," मी म्हटलं.

"मग मी देतोय ना. खा."

मी खाल्ला. चांगला झाला होता. तो खायला नको होता, हे मला खातानाच कळत होतं.